मेहरपियाचा अंतरा

खाँसाहेबांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण उस्तादाचं नाव घ्यायचं तर आधी कानाच्या पाळीला हात लावायचा, ही सवय मला त्यांनीच लावली, आणि या वयात एका हातानं कान धरून दुसऱ्या हातानं लिहायचं म्हणजे कागद सरकतो. तेव्हा खाँसाहेबच बरं. आमच्या घरात, आमच्या गल्लीत आणि हैदराबादच्या जामबागेतल्या सगळ्या मराठी घरांत त्यांना तेवढंच म्हणत. एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, त्यांनी पंचवीस वर्षं गाणं केलं होतं. जहागिरी गेल्या, देवडीतलं गाणं गेलं, आणि खाँसाहेब शिकवण्या करायला लागले. दुपारी चारच्या ठोक्याला ते आमच्या दारात हजर, कोपराला ठिगळ लावलेली शेरवानी, हातात छत्री, पाऊस असो नसो. छत्री कोपऱ्यात उभी करायची, जोडे काढायचे आणि खाली बसता बसता विचारायचं, "हौ बेटा, कल का क्या याद है?"

आमचं घर फळांच्या बाजाराच्या मागं होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी. सकाळी मोसंब्यांचा लिलाव चालायचा, त्याचा गलका तेलुगू, उर्दू आणि शिव्या अशा तिन्ही भाषांतून आमच्या ओसरीत यायचा. त्यात माझ्या मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. माय परभणीकडची, ज्वारीशिवाय तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही. पण हैदराबादेत राहून तिच्या हाताला इथली खट्टी दाळ अशी काही साधली होती, की शेजारच्या तेलुगू अम्मा वाटी घेऊन यायच्या. भाकरी, अंबाडीची भाजी, वर खट्टी दाळ. दोन आंबट पदार्थ एका ताटात कशाला, असं पुण्याकडची माणसं विचारतात. विचारू देत. त्यांना काय कळतंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जमिनीच्या दप्तरात कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण अण्णा मराठी वाचायचे ते ओळीवर बोट ठेवून, आणि लिहायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. त्या वर्षी, छप्पन साली, हैदराबाद राज्य फुटायचं ठरलं. तेलुगू मुलूख एकीकडं, कानडी एकीकडं, आमचा मराठी मुलूख मुंबईकडं. कचेरीत याद्या लागायला लागल्या, कोण राहणार, कोण कुठं जाणार. अण्णा परभणीचे म्हणून त्यांचं नाव औरंगाबादच्या यादीत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं टिपणं मराठीत लिहावी लागणार म्हणून अण्णा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माझी पाटी घेऊन बसायचे आणि बाराखडी गिरवायचे. मी तपासायची. तेरा वर्षांची होते आणि इतकी आगाऊ, की स्वतःच्या बापाला पाटीवर दहापैकी चार गुण द्यायची. अण्णा म्हणायचे, "बाईसाब, एक तरी वाढवा." मी वाढवायची नाही. आज वाटतं, वाढवला असता तर काय बिघडलं असतं.

माय खाँसाहेबांशी कधी थेट बोलली नाही. दाराआडून मला हाक मारायची, "तारे, विचार त्यांना, साखर किती घालू." खाँसाहेब तिथंच दोन हातांवर बसलेले, त्यांना सगळं ऐकू जायचं. तरी मी त्यांच्याकडं वळून विचारायची आणि तेही मलाच सांगायचे, "अम्मा कू बोलो, एकच चम्मच." मग मी ते मायला सांगायची. अशी आमच्या घरातल्या चहाची वरात रोज निघायची. त्यांच्यासाठी निळ्या काठाची कपबशी कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ती होती, आणि खाँसाहेबांनाही ते माहीत होतं. एक दिवस तो कप माझ्या हातून फुटला. मायनं थोडा विचार केला आणि आमच्या कपात चहा ओतला. नवा वेगळा कप तिनं पुन्हा आणला नाही.

आता गाण्याचं सांगते. खाँसाहेबांची शिकवण्याची तऱ्हा अशी, की पाच दिवस गळा आणि सहाव्या दिवशी डोकं. शनिवारी ते तंबोरा लावू द्यायचे नाहीत. एखाद्या बंदिशीची पहिली ओळ गुणगुणायची आणि भुवई वर करायची, "ये किसकी?" मी सांगायचं. नुसतं नाव सांगून भागायचं नाही. बंदिश बांधणारा आपलं टोपणनाव कुठल्या ओळीत घालतो, त्याचा उस्ताद कोण, गाव कोणतं, तो गेला कसा, सगळं हवं. आणि मग त्याचा किस्सा. एक बंदिशकार होते, त्यांचं बायकोशी भांडण झालं की नवी बंदिश व्हायची. त्यांच्या बंदिशी ऐंशीच्या वर आहेत, आणि खाँसाहेब म्हणायचे, "सोचो, बीवी कैसी होंगी." दुसऱ्या एकांनी धाकट्या भावाचं नाव घालून बंदिशी केल्या, कारण भाऊ गात नव्हता आणि मागं त्याचंही काही राहावं असं त्यांना वाटलं. तिसरे एक होते, त्यांनी एका नवाबाकडं थंडीची शाल मागायला बंदिश बांधली. शाल काही मिळाली नाही, बंदिश मात्र अजून गातात. हे सगळं मी वहीत उतरवून घ्यायची. गल्लीतल्या इतर पोरींकडं काचेच्या बांगड्यांचे डबे होते, माझ्याकडं मेलेल्या गवयांची बित्तंबातमी होती.

सगळ्यांत लाडके होते मेहरपिया. म्हणजे हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव खाँसाहेबांनाही ठाऊक नव्हतं. उत्तरेकडचे कुठले तरी, सहा मुलींचे बाप, कणीक मळता मळता बंदिशी बांधायचे म्हणून त्यांच्या बंदिशींना एक ठेका आपोआप असतो, असं खाँसाहेब सांगायचे. त्यांची भीमपलासीतली एक चीज खाँसाहेबांची खास. "देहरी दियरा ना धरूँ आली, मन लागत ना काज." उंबऱ्यावर दिवा ठेवायला मन होत नाही, कामात जीव लागत नाही, एवढंच. देवडीत लोक ती मुद्दाम मागायचे. खाँसाहेबांची चीज म्हटलं की हीच.

पण त्या चीजेचा अंतरा मला येत नव्हता. ज्यांना गाणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बंदिशीचा पहिला अर्धा भाग म्हणजे स्थायी, दुसरा अर्धा अंतरा, आणि बांधणाऱ्याचं नाव बहुधा अंतऱ्यात असतं. जुने उस्ताद स्थायी शिकवायचे आणि अंतरा राखून ठेवायचे. शागीर्द पक्का झाला, त्याची नियत कळली, मग द्यायचा. खाँसाहेबही त्याच चालीचे. माझ्याकडं नऊ बंदिशी अशा होत्या, की स्थायी आहे आणि अंतऱ्याच्या नावानं वहीत कोरी जागा. मेहरपियाची धरून दहा. मी कुरकुर केली की म्हणायचे, "जल्दी कैकू? घर यहींच है, मैं यहींच हूँ."

आणि एका संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले ते चपला न काढताच ओसरीत बसले. यादी लागली होती. औरंगाबाद. पंधरवड्यात निघायचं. मायची चुलीवरची दाळ उतू गेली तरी तिला कळलं नाही. मला मात्र एकच गोष्ट सुचली, की माझे दहा अंतरे राहिले.

दुसऱ्या दिवशी खाँसाहेब बसायच्या आतच मी सुरू झाले. आम्ही जाणार. आता मला अंतरे द्या. निदान मेहरपियाचा द्या. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही, आज. ते म्हणाले, अभी नै. मग माझी जीभ सुटली. मी म्हटलं, देत नाही म्हणजे तुम्हाला मी शिकायलाच नको आहे, नुसती फी घ्यायला येता. हे असं म्हटलं. माय दाराआड होती, तिनं कपाळावर हात मारलेला मी पाहिला. खाँसाहेबांनी तंबोऱ्याला गवसणी घातली, सावकाश नाडी बांधली, छत्री घेतली आणि गेले. चहा तसाच राहिला. दोन दिवस ते आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. अण्णा मला सकाळीच नदीपलीकडं त्यांच्या घरी घेऊन गेले. स्वतः ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले आणि मला म्हणाले, "चूक तुझी, माफी पण तूच मागायची. जा आत." आत अंगणात खाँसाहेब बनियनवर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होते. शेरवानीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इतके बारीक होते ते. मला रडूच आलं, माफी कुठली नि काय. त्यांची बायको, बीअम्मा, पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "रोती कैकू गे? पहले खा ले." आणि माझ्यासमोर दाळभात ठेवला.

मी खात असताना खाँसाहेब कोंबड्यांकडं बघत म्हणाले, "वो अंतरा मेरेकूच नै मालूम, बेटा." मला वाटलं, अजून रागातच आहेत. पण मग त्यांनी सांगितलं. ते पंधरा वर्षांचे असताना त्यांच्या उस्तादांनी ही स्थायी दिली. अंतरा ईद झाल्यावर देतो म्हणाले. ईदच्या आधी उस्तादांना ताप आला आणि ते गेले. त्यानंतर चाळीस वर्षं, जो गवई भेटला त्याला खाँसाहेबांनी विचारलं. कुणाकडं नव्हता. देवडीत ते नुसती स्थायी धरून तासभर गायचे, आलाप, बोल, ताना, आणि कुणी अंतरा मागितलाच तर म्हणायचे, अंतरा बाजार की चीज नै. लोकांना वाटायचं, केवढा मोठा खजिना राखून आहेत. "झूट था सब," खाँसाहेब म्हणाले. "बीअम्मा कू मालूम, अब तेरेकू मालूम. बस."  मोठ्या माणसानं माझ्यासमोर अशी कबुली देण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

बीअम्मानं मग दुसरी गोष्ट सांगितली, ती जास्त वाईट होती. जामबागेत मागं राहणाऱ्या मराठी मंडळींनी शाळेच्या इमारतीत गायनवर्ग काढायचा ठरवला होता आणि तिथं एक उस्ताद नेमायचे होते. निवड करायला पुण्याहून एक पंडितजी येणार होते, जुन्या बंदिशी गोळा करणारे. खाँसाहेबांबरोबर एक पदवीवाला तरुणही उमेदवार होता. "सब मराठी लोगां जा रैं," बीअम्मा म्हणाली. "पाँच घराँ थे, दो बचते. ये जगह नै मिली तो ये किसकू सिखाते? मुर्ग्याँ कू?" आणि पंडितजींनी आधीच निरोप धाडला होता, की तुमची भीमपलासीतली ती चीज अंतऱ्यासकट ऐकायची आहे. खाँसाहेब म्हणाले, काही नाही, खरं ते सांगून मोकळा होईन. पण ते सांगताना त्यांच्या हातातले दाणे सगळे एकाच ठिकाणी पडले आणि कोंबड्यांची मारामारी जुंपली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात त्या अर्ध्या चीजेनं घर केलं. भांडी घासताना, पाणी भरताना, गाठोडी बांधताना मी ती म्हणायची आणि स्थायी संपली की पुढं पाय अधांतरी पडल्यासारखं व्हायचं. भीमपलासीचा अंतरा कुठून उठतो हे मला ठाऊक होतं, पंचमावरून कोमल निषादाला लागून वरच्या षड्जावर. मेहरपिया आपलं नाव अंतऱ्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटी घालतात हेही ठाऊक होतं, त्यांच्या इतर सात बंदिशी वहीत होत्या. एका दुपारी मायबरोबर चिंचा फोडत होते. फोडता फोडता माझ्या तोंडातून ओळ आली. "इत्ती अरज सुनो मेहरपिया, नक्को जाओ जी आज." काज आणि आज जुळलं. सम बरोबर पडली. मी पुन्हा म्हटली. माय म्हणाली, "चांगलं आहे, नवीन शिकवलं का?" मी हो म्हटलं. कुणाला फसवायला मी तो अंतरा केला नव्हता, हे मात्र खरं सांगते. मलाच जायचं नव्हतं. मला हैदराबाद सोडायचं नव्हतं, आणि हे अण्णांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी ते मेहरपियांना सांगितलं.

रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या. चाळीसेक माणसं होती. अर्ध्यांच्या घरी सामान बांधून पडलेलं. तो पदवीवाला तरुण आधी गायला, छान गायला, पण पंडितजी काही विचारायला लागले की तो वही उघडायचा. मग खाँसाहेब बसले. मी मागं तंबोऱ्यावर. पंडितजी भला माणूस. जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. ते विचारत गेले आणि खाँसाहेब सांगत गेले. ही कुणाची? अमक्यांची. त्यांचे उस्ताद? तमके. मग ही दुसऱ्या नावानं का गातात? भावासाठी, साहेब. पंडितजींची पेन्सिल थांबेना. मी मागं बसून प्रत्येक उत्तर ओठांत म्हणत होते आणि मला वाटत होतं, झालं, जागा आपलीच.

आणि पंडितजी म्हणाले, "खाँसाहेब, आता ती भीमपलासी. मी अकरा वर्षं या चीजेच्या मागं आहे. स्थायी दोन ठिकाणी मिळाली. अंतरा कुठंच मिळत नाही. म्हणतात तो फक्त तुमच्याकडं आहे." खाँसाहेबांनी मान झुकवली आणि स्थायी सुरू केली. असे गायले, की समोर बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. जायची वेळ आलेली माणसं ती, त्यांना उंबऱ्यावरचा दिवा कशाला समजावून सांगायला हवा. स्थायी तीनदा झाली, चारदा झाली. पंडितजी पेन्सिल धरून पुढं वाकले. खाँसाहेब थांबले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "पंडितजी, अंतरा..."

मी पाठीमागून पंचम लावला. कसा लावला मला माहीत नाही. माझा आवाज ऐकून मीच दचकले. पण एकदा निषादाला लागल्यावर मागं फिरता येत नाही, षड्जावर जावंच लागतं. "इत्ती अरज सुनो मेहरपिया." वर जाऊन तिथं थांबले आणि "नक्को जाओ जी आज" म्हणत खाली आले, सम पकडली. खाँसाहेब वळले नाहीत. त्यांची मान मात्र ताठ झाली ती मला दिसली. मी दुसऱ्यांदा म्हटला. तबल्यावरच्या माणसानं खुश होऊन एक तुकडा टाकला, आणि आता खाँसाहेबांना मधे काही बोलायची सोय उरली नाही. खाँसाहेबांनी स्थायीचा मुखडा उचलला आणि बंदिश पुरी झाली.

पंडितजी लिहिता लिहिता एका शब्दावर अडले. "नक्को? हा तर दख्खनी बोलीतला शब्द."  घरात आम्ही नको म्हणायचो आणि बाहेर नक्को, त्यामुळं नक्को म्हणजे उर्दू, आणि खाँसाहेबांच्या तोंडी रोज असतो म्हणजे बंदिशीत चालणारच, एवढीच माझी अक्कल. उत्तरेतला माणूस तो शब्द कुठून आणणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण पंडितजींनी स्वतःच उत्तर शोधलं. चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे मेहरपिया उतारवयात इकडं दख्खनला आले होते. मला कित्येक वर्षं संशय होता. हा घ्या पुरावा." आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. खाँसाहेबांना ती जागा तिथल्या तिथं मिळाली.

हे त्यांनी पुढं पुस्तकात छापलं. मग बाकीच्यांनी त्यांच्यावरून छापलं. लग्नानंतर मी पुन्हा हैदराबादेत आले, आता दिलसुखनगरला मुलाकडं असते, खाली कोचिंग क्लासच्या पाट्या आणि वर आम्ही. मागच्या वर्षी माझी नात मोबाईलवर प्रश्नमंजूषा खेळत होती. मराठी तिला धड वाचता येत नाही, पण कोणत्या बंदिशकारानं काय केलं याची तिला भारी हौस, हे माझ्याकडूनच गेलेलं. तिनं मला विचारलं, "आजी, सुन ना, कोणता नॉर्थ इंडियन कंपोझर लास्ट डेजमध्ये हैदराबादला येऊन राहिला होता? चार ऑप्शन आहेत." मी म्हटलं, कुणीच नाही. ती म्हणाली, "गलत. मेहरपिया." आणि तिला दहा गुण मिळाले. मेहरपिया बिचारे हैदराबादेत कधी पाऊल टाकायला आले नाहीत. त्यांना मी आणलं, चिंचा फोडता फोडता. सगळ्यांनी आपापल्या वह्यांत दुरुस्ती करून घ्यावी. पंडितजी गेले, खाँसाहेब गेले, आता कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून सांगते.

त्या रविवारी खाँसाहेब माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. सोमवारी चारला यायचे ते सकाळी नवालाच दारात उभे. छत्री हातातच. अण्णा कचेरीत गेले होते. खाँसाहेब बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "पंडितजी दोपहर की गाडी से जा रैं. मैं जाके सच बोल देता हूँ. मेरे उस्ताद के घर में झूटा अंतरा नै चलता. तेरेकू बोल के जाना था, बस."  मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. मला वाटत होतं मी त्यांना वाचवलं, आणि त्यांना वाटत होतं मी त्यांच्या उस्तादांच्या ताटात माती कालवली.

तेव्हा माय दाराआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ खाँसाहेबांसमोर उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा. "खाँसाहेब," ती म्हणाली, "लेकरू तुमच्यापायी खोटं बोललं. चुकलं तिचं. पण तुम्ही आता खरं बोलायला गेलात तर चाळीस माणसांत ती खोटी ठरल, अन् तुमची जागा जाईल ती जाईलच. मग तिनं केलं ते कशापायी केलं? ती औरंगाबादला जाऊन रोज तेवढंच आठवत बसल. तुम्ही बसा. मी चहा टाकते." हे सगळं ती मराठीतच बोलली, परभणीच्या मराठीत, आणि खाँसाहेबांना ते अक्षर न अक्षर समजलं.  मग त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि बसले. माय आत गेली आणि तिनं न विचारता एकच चमचा साखर घातली.

चहा संपेपर्यंत मी भिंतीला चिकटून उभी. कप खाली ठेवून ते म्हणाले, "सुना." मी म्हटलं, काय? "तेरा अंतरा. सुना." मी म्हटला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. निषादावर जरा जास्त थांबतेस म्हणाले, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटला. मग त्यांनी तो स्वतः म्हटला, अडखळत, एखाद्या नव्या शागीर्दासारखा, आणि नक्कोपाशी आल्यावर त्यांना हसू फुटलं. "मेहरपिया कू नक्को बोलने लगाई तू," असं म्हणून ते इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि ते पुसत असताना मला दिसलं की ते हसत नाहीयेत. मला जवळ बसवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी मला इतकं रडू आलं, की आतून मायनं विचारलं, "तारे, काय झालं गं?"

मग ते म्हणाले, "मेरे उस्ताद ईद के बाद देतूँ बोले थे. अब तू तेरी वही निकाल." आम्ही निघायला सहा दिवस होते आणि माझे नऊ अंतरे राहिले होते. त्या सहा दिवसांत खाँसाहेब सकाळी यायचे ते दिवे लागेपर्यंत. जेवायला आमच्यातच. भोवती घर उचललं जात होतं. कोनाडे रिकामे झाले, भिंतीवरचे खिळे निघाले, अण्णांची आणि माझी पाटी ट्रंकेत गेली, तंबोरा ट्रकवाल्यानं नेला तर खाँसाहेब नुसते टाळीवर शिकवायला लागले. जे त्यांनी आयुष्यभर मूठ झाकून ठेवलं होतं ते असं भराभरा देत होते, की घ्यायला मला हात पुरेनात. माझं पाठ झालं नाही तर चिडायचे, "फिर से, फिर से, बखत नै है." माय मधेच येऊन दोघांच्या पुढ्यात भाकरी ठेवून जायची आणि आता तीच विचारायची, "खाँसाहेब, दाळ वाढू का?"

नववा अंतरा शेवटच्या दिवशी सकाळी राहिला होता. टांगा दारात उभा होता. खोलीत एक वळकटी तेवढी होती, तिच्यावर ते बसले होते आणि मी खाली फरशीवर. अण्णा दोनदा आत डोकावून गेले. खाँसाहेबांनी अंतरा दोनदा म्हटला, मी तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा बरोबर आला. त्यांनी मान हलवली, वळकटीवरून उठले आणि ती अण्णांच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळून रिकामे तळहात दाखवत म्हणाले, "बस. अब मेरे पास कुच नै बचा, बेटा. अब जाओ."

मी त्यांच्या पाया पडले नाही. येते असंसुद्धा म्हटलं नाही. तो नववा अंतरा नुकताच तोंडात आला होता, बोलायला गेले तर सांडेल अशी भीती वाटली, म्हणून ओठ घट्ट मिटून टांग्यात बसले आणि काचीगुडा स्टेशन येईपर्यंत तोच मनात म्हणत राहिले.